डिस्कची क्षमता वाढवण्याआधी स्नॅपशॉट तपासा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे एका संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाच्या, डिस्कची क्षमता वाढवण्याच्या कामाविषयी हे पत्र लिहीत आहे. विषय तांत्रिक आहे आणि पत्र नेहमीपेक्षा बरेच लांब झाले आहे, याची मला जाणीव आहे. परंतु या कामातील एका चुकीमुळे आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील आठ महिन्यांच्या नोंदी गेल्या, आणि तशीच चूक घडावी अशी परिस्थिती माझ्या पाहण्यातल्या अनेक कार्यालयांत आजही आहे, म्हणून ही हकिकत आणि तिच्यामागचे कारण आपल्या वाचकांपर्यंत सविस्तर पोहोचावे असे मला मनापासून वाटते. मी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते.

आपल्याकडच्या लहान संस्थांची अडचण काय असते, हे आधी सांगते. ग्रंथालयाचे, वेतनाचे किंवा सभासदांच्या खात्यांचे सॉफ्टवेअर दहा-पंधरा वर्षांपूर्वी विकत घेतलेले असते. ते तयार करून देणारा माणूस पुण्याला नाहीतर हैदराबादला निघून गेलेला असतो, आणि ते सॉफ्टवेअर विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वरच नीट चालते. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. जुना संगणक बंद पडला की त्याच्या जागी नवा येतो, नव्यावर जुने सॉफ्टवेअर बसत नाही, आणि नवे घ्यायला त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद नसते. अशा वेळी नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्ससारखा कार्यक्रम टाकून त्याच्या आत जुना संगणक जसाच्या तसा चालू ठेवणे हा उत्तम मार्ग आहे, आणि मी स्वतः तो अनेकांना सुचवला आहे. कल्पनाही नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये आणलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत एकाच मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालत आणि प्रत्येकाला खऱ्या डिस्कचा एक तुकडा दिला जाई, त्याला मिनिडिस्क म्हणत. आज तेच काम आपल्या टेबलावरच्या संगणकात होते, इतकेच.

या आतल्या संगणकाला गेस्ट म्हणतात आणि बाहेरच्याला होस्ट. गेस्टला जी हार्ड डिस्क दिसते ती खरे पाहता होस्टवरची एक मोठी फाइल असते, तिलाच डिस्क इमेज म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्सची ही फाइल बहुधा व्हीडीआय प्रकारची असते, व्हीएमवेअरची व्हीएमडीके, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीची व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स, आणि लिनक्सवरच्या क्यूईएमयू व केव्हीएममध्ये बहुतेक वेळा क्यूकाऊ-२. मशीन पहिल्यांदा तयार करताना डिस्क किती मोठी हवी, हा प्रश्न विचारला जातो. त्या वेळी घाईत २० किंवा ४० जीबी असे उत्तर दिले जाते, आणि चार-पाच वर्षांनी ती डिस्क भरते.

आमच्या ग्रंथालयाचे नेमके हेच झाले. मशीनची डिस्क ४० जीबीची होती. एके दिवशी ग्रंथालय लिपिकाने पुस्तक परत घेतल्याची नोंद केली आणि ती साठवली जाईना. कोपऱ्यात जागा संपत आल्याची सूचना होती, सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली होती आणि जेमतेम शंभर एमबी शिल्लक होते. मी त्या आठवड्यात परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी होते. देखभालीचा करार ज्यांच्याशी होता त्यांचा माणूस आला. त्याने व्हर्च्युअलबॉक्समधून डिस्कची क्षमता ८० जीबी केली, मशीन चालू केले, आणि आतल्या विंडोजला डिस्क ४० जीबीचीच दिसत राहिली. पुन्हा करून पाहिले, तरी तेच. मग त्याने मशीनचा फोल्डर उघडला. आत स्नॅपशॉट्स नावाचा आणखी एक फोल्डर होता, आणि त्यात महिरपी कंसात अक्षरे-आकड्यांची लांबच लांब नावे असलेल्या दोन फायली होत्या. स्नॅपशॉट म्हणजे जुना फोटो, म्हणजेच जुनी प्रत, आता तिचा उपयोग काय, असा विचार करून त्याने त्या पुसल्या. एवढ्या मोठ्या फायली रिसायकल बिनमध्ये मावत नाहीत, त्या कायमच्या पुसल्या जातील, अशी सूचना पडद्यावर आली होती. त्याने होकार दिला.

त्यानंतर मशीन सुरू होईना, म्हणून त्याने ती मूळ ८० जीबीची फाइल नव्याने जोडली. मशीन चालू झाले, डिस्क ८० जीबीची दिसू लागली, आणि काम झाल्याच्या पावतीवर सही घेऊन तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक विद्यार्थिनी पुस्तक परत करायला आली, तेव्हा तिच्या नावावर ते पुस्तक दिसेना. तिचे नावही यादीत नव्हते, कारण तिचा प्रवेश त्याच वर्षीचा होता. देवघेवीची शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची होती, म्हणजे ज्या दिवशी मशीनचा स्नॅपशॉट घेतला होता त्या दिवसाची.

यात त्या माणसाला मी एकट्याला दोषी धरत नाही. तो स्नॅपशॉट मीच घेतलेला होता. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकण्यापूर्वी सुरक्षितता म्हणून तो घेतला, आवृत्ती व्यवस्थित चालली, आणि तो तसाच राहून गेला. तो घेतल्याची नोंद कुठल्याही वहीत केली नव्हती. सात वर्षे हा विषय शिकवणाऱ्या व्यक्तीकडून हे राहून गेले, तर एरवी काय होत असेल, या विचाराने मला आजही स्वस्थ बसवत नाही.

स्नॅपशॉट म्हणजे काय, हे या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे, म्हणून ते नीट सांगते. दुकानदार वर्षाच्या शेवटी जुनी किर्द बंद करून बासनात बांधतो आणि नव्या वहीत लिहू लागतो, तसे स्नॅपशॉट घेतल्याबरोबर होते. मूळ डिस्क फाइल त्या क्षणी गोठते, तिच्यात पुढे काहीही लिहिले जात नाही, आणि त्यानंतरचे प्रत्येक लिखाण एका नव्या फाइलमध्ये जाते. गेस्ट चालू असताना दोन्ही वह्या एकत्र वाचल्या जातात: नव्या वहीत बदललेली नोंद असेल तर ती, नसेल तर जुनीतली. पुन्हा स्नॅपशॉट घेतला की तिसरी वही उघडते. म्हणजे स्नॅपशॉट्सच्या फोल्डरात ज्या फायली दिसतात त्यांत जुना माल नसतो. सर्वांत ताजे, स्नॅपशॉट घेतल्यापासून आजपर्यंतचे काम त्यांतच असते. त्या हाताने पुसणे म्हणजे चालू वर्षाची किर्द फाडून गेल्या वर्षीची पुढे ठेवणे होय. त्या फोल्डराच्या नावामुळे नेमकी उलटी समजूत होते, आणि अनेकांचा घात होतो तो इथेच.

क्षमता वाढवल्यानंतरही गेस्टला जुनाच आकार का दिसत राहिला, याचे उत्तरही यातच आहे. मूळ फाइलचा आकार वाढवला तरी मशीन ज्या शेवटच्या वहीतून चालते तिच्यावर तिचा स्वतःचा जुना आकार लिहिलेला असतो, आणि गेस्ट तोच वाचतो. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट असताना डिस्क वाढवूच दिली जात नाही, आणि मला ती पद्धत अधिक शहाणपणाची वाटते. क्यूकाऊ-२ मध्ये एका मूळ फाइलवर दुसरी थर-फाइल रचलेली असेल, तर थर तसाच ठेवून खालच्या फाइलमध्ये परस्पर बदल केल्यास वरच्या थराचा ताळमेळ बिघडतो आणि माहिती नासते. यावर योग्य मार्ग एकच आहे. मशीन पूर्ण बंद करावे, संपूर्ण फोल्डरची प्रत घ्यावी, आणि मग व्हर्च्युअलबॉक्सच्याच यादीतून स्नॅपशॉट निवडून तो काढून टाकण्याची आज्ञा द्यावी. या आज्ञेचे नाव डिलीट असले तरी तिने चालू काम जात नाही, नव्या वहीतल्या नोंदी जुनीत उतरवल्या जातात. पुसण्याची हीच क्रिया फाइल एक्सप्लोररमधून केली तर मात्र स्नॅपशॉटनंतरचे सर्व काम जाते. स्नॅपशॉट मोठा असेल तर या विलीनीकरणाला तास-दोन तास लागू शकतात आणि त्या काळात होस्टवर मोकळी जागाही लागते. म्हणून ते सायंकाळी कार्यालय सुटल्यावर, यूपीएसची बॅटरी तपासून सुरू करावे. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो.

आता मुख्य कामाकडे वळते. डिस्क इमेज वाढवणे हे एक काम आहे असे समजले जाते, परंतु ती तीन वेगवेगळ्या थरांवरची तीन कामे आहेत. शेतीच्या भाषेत सांगायचे तर, आपल्या शेताला लागून असलेली पडीक जमीन विकत घेतली की सातबाऱ्यावर क्षेत्र वाढते, हे पहिले काम. मधला धुरा मोडून तो नव्या हद्दीवर घालावा लागतो, हे दुसरे. आणि नव्या तुकड्यात नांगर घालून तो वहितीखाली आणावा लागतो, तेव्हाच तिथे पीक येते, हे तिसरे. डिस्कच्या बाबतीत पहिले काम इमेज फाइलचा जाहीर आकार वाढवण्याचे, दुसरे पार्टिशनची, म्हणजे डिस्कवर आखलेल्या विभागाची, शेवटची हद्द पुढे सरकवण्याचे आणि तिसरे पार्टिशनच्या आतली फाइल सिस्टिम (फायली मांडून ठेवण्याची रचना), म्हणजे विंडोजमध्ये एनटीएफएस आणि लिनक्समध्ये ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस, नव्या हद्दीपर्यंत पसरवण्याचे. पहिले काम होस्टवर होते, उरलेली दोन गेस्टच्या आत. आमच्या भागातील एका पतसंस्थेत मी पाहिले, की पहिले काम करून दोन वर्षे उलटली होती, घेतलेली जमीन पडीकच होती, आणि जागा नाही म्हणून कर्मचारी जुनी कागदपत्रे पुसत बसले होते.

पहिल्या कामासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमधला सरकता दांडा वापरता येतो, किंवा व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम ही आज्ञा देऊन तिच्यापुढे रिसाइझ आणि आकडा लिहिता येतो. हा आकडा एमबीमध्ये असतो आणि तो एकूण नव्या आकाराचा असतो, वाढीचा नव्हे. ८० जीबी हवे असतील तर ८१९२० लिहायचे. ही सोय व्हीडीआय आणि व्हीएचडी प्रकारच्या, गरजेप्रमाणे वाढणाऱ्या फायलींसाठी आहे. व्हीएमडीके असेल तर आधी क्लोनमीडियम आज्ञेने तिची व्हीडीआय प्रत करून ती वाढवावी लागते, आणि त्यात एक फायदा असा की मूळ फाइल आपोआप जशीच्या तशी मागे राहते. क्यूईएमयूमध्ये क्यूईएमयू-आयएमजी रिसाइझ ही आज्ञा आहे, आणि तिथे आकड्याच्या आधी अधिकचे चिन्ह लावले की तो वाढीचा धरला जातो, चिन्ह नसेल तर एकूणाचा. ६० जीबीच्या डिस्कमध्ये ४० ची भर घालायची असताना चिन्ह विसरले, तर ती डिस्क ४० ची करण्याची आज्ञा दिल्यासारखे होते. अलीकडच्या आवृत्त्या अशा वेळी श्रिंक हा शब्द स्वतंत्रपणे लिहिल्याशिवाय पुढे जात नाहीत, हे आपले नशीब. डिस्क लहान करताना शेवटच्या भागातली माहिती सरळ कापली जाऊ शकते, आणि माझे मत असे आहे की लहान संस्थांनी डिस्क लहान करण्याच्या वाटेला जाऊच नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात विंडोज ७ पासून पुढे डिस्क मॅनेजमेंटची खिडकी पुरते. वाढलेली जागा तिथे काळ्या पट्टीखाली, कुणालाच न दिलेली अशी दिसते. सी ड्राइव्हवर उजवी कळ दाबून एक्स्टेंड व्हॉल्यूम निवडले की हद्द आणि फाइल सिस्टिम दोन्ही एकदमच पुढे जातात. परंतु ही काळी पट्टी सी ड्राइव्हला उजवीकडून अगदी चिकटून असावी लागते. आपल्याकडे मशीन बसवताना सी आणि डी असे दोन ड्राइव्ह करण्याची जुनी सवय आहे, आणि नवी जागा नेहमी डिस्कच्या शेवटी येत असल्यामुळे ती डीच्या पलीकडे जाऊन पडते. मध्ये दुसऱ्याचा गट असताना पलीकडची जमीन आपल्या धुऱ्यात घेता येत नाही, त्याप्रमाणे एक्स्टेंड व्हॉल्यूम हा पर्याय फिका पडलेला दिसतो आणि दाबला जात नाही. विंडोज १० व ११ मध्ये सीच्या मागे बऱ्याचदा एक लहान रिकव्हरी पार्टिशन असते, त्यामुळेही हेच होते. अशा वेळी जीपार्टेड या पार्टिशन बदलण्याच्या मोफत कार्यक्रमाची आयएसओ फाइल (सीडीची फाइलरूपातली प्रत) गेस्टला सीडी म्हणून जोडून मधले पार्टिशन शेवटाकडे सरकवता येते. विंडोज एक्सपीला स्वतःचा सी ड्राइव्ह वाढवताच येत नाही, तिथेही जीपार्टेडच कामी येते. हद्द वाढवताना थोड्याच नोंदी बदलतात, पण पार्टिशन सरकवताना त्यातील सगळी माहिती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लिहिली जाते, आणि अर्ध्यात लाइट गेली तर ते पार्टिशन ना इकडचे राहते ना तिकडचे. डीमध्ये फार माहिती नसेल तर ती दुसरीकडे ठेवून, डी काढून, सी वाढवून पुन्हा डी करणे मला अधिक सुरक्षित वाटते.

लिनक्सवरच्या मशीनमध्ये हे तीन थर अधिक स्पष्ट दिसतात, म्हणून विद्यार्थ्यांना मी तिथेच शिकवते. इमेज वाढवल्यावर एलएसबीएलके ही आज्ञा दिली की डिस्क ६० जीबी आणि तिच्या पोटातले पार्टिशन ४० जीबी असे एकाखाली एक दिसते. ग्रोपार्टने पार्टिशन वाढवले की दोन्ही आकडे जवळपास सारखे होतात, तरी फाइल सिस्टिमची जागा दाखवणारी डीएफ आज्ञा अजून ४० च सांगते. फाइल सिस्टिम पसरवणारी रिसाइझ२एफएस ही आज्ञा चालवल्यावर डीएफचा आकडा बदलतो, आणि तो बदलताना पाहिल्यावर मुलांच्या लक्षात थरांचा हिशेब कायमचा राहतो. एक्सएफएस असेल तर त्यासाठी एक्सएफएस-ग्रोएफएस आहे. मध्ये एलव्हीएम, म्हणजे पार्टिशन आणि फाइल सिस्टिम यांच्यामधला जागावाटपाचा आणखी एक थर, असेल तर पीव्हीरिसाइझ आणि एलव्हीएक्स्टेंड या दोन पायऱ्या वाढतात. जीपीटी या पार्टिशन नोंदवण्याच्या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये पार्टिशनच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. डिस्क वाढल्यावर ती प्रत शेवटी न राहता मध्येच पडते, आणि पार्टिशन हाताळणारी पार्टेड ही आज्ञा तशी तक्रार करून दुरुस्त करू का असे विचारते. ती सूचना पाहून घाबरून काम सोडून दिलेले मी पाहिले आहे. तिथे होकार देणेच योग्य असते.

होस्टच्या जागेचा विचारही फार कमी वेळा केला जातो. गरजेप्रमाणे वाढणारी इमेज ८० जीबीची जाहीर केली तरी प्रत्यक्षात ती जितकी माहिती असेल तितकीच, समजा ३५ जीबी, जागा घेते, आणि पुढे हळूहळू फुगत जाते. १०० जीबी मोकळे असलेल्या ड्राइव्हवर अशा ८० जीबीच्या दोन मशीन सुखाने सुरू होतात, आणि एक दिवस होस्टची जागा संपते. त्या वेळी व्हर्च्युअलबॉक्स मशीन थांबवून ठेवते. गेस्टच्या आत पाहिले तर भरपूर जागा दिसते, म्हणून नेमके काय बिघडले ते कुणालाच कळत नाही. गेस्टमधल्या फायली पुसल्या म्हणून होस्टवरची फाइल आपोआप लहान होत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. म्हणून क्षमता किती वाढवायची हे ठरवताना होस्टवर किती जागा खरोखर मोकळी आहे, ते आधी पाहावे. आणि वाढती माहिती फक्त एका डेटा फोल्डरची असेल, तर जुनी डिस्क वाढवण्यापेक्षा मशीनला दुसरी नवी आभासी डिस्क जोडून तो फोल्डर तिकडे न्यावा, हे मी आता सर्वांना आधी सुचवते. त्यात जुन्या डिस्कला हात लागत नाही.

बॅकअपविषयी बोलताना आपल्याकडे पेन ड्राइव्ह पुढे केला जातो. बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे असतात आणि त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. १२८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह ३५ जीबीची इमेज नाकारतो, आणि मग पेन ड्राइव्ह खराब आहे असे म्हणून प्रत न घेताच काम सुरू केले जाते. तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केला की अडचण संपते. प्रत घेताना गेस्ट पूर्ण शटडाउन केलेला असावा, नुसता सेव्ह करून ठेवलेला नसावा, आणि मशीनचा संपूर्ण फोल्डर, त्यातील सेटिंगची फाइल आणि स्नॅपशॉट्सचा फोल्डर यांसह, उचलावा. मशीनची मूळ डिस्क फाइल दुसऱ्याच ठिकाणी ठेवलेली असेल तर तीही विसरू नये. त्यानंतर ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, त्यातली कालची शेवटची नोंद डोळ्यांनी पाहावी. हे पाहिल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावू नये. आमच्याकडे ही एक गोष्ट झाली असती तर आठ महिने वाचले असते.

त्या आठ महिन्यांची भरपाई आम्ही कशी केली, तेही सांगते. सुदैवाने लिपिकाने सवयीने कागदी देवघेव रजिस्टरही ठेवले होते. महाविद्यालयातल्या नऊ विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत रोज सकाळी येऊन त्या रजिस्टरवरून सगळ्या नोंदी पुन्हा टंकल्या. एकीने वाचायचे, दुसऱ्याने टंकायचे, तिसऱ्याने ताळा घ्यायचा. नव्या पुस्तकांचे दाखल क्रमांक बिलांवरून लावले. तरीही रजिस्टरची काही पाने अशी निघाली की ज्यांवर शाई पसरलेली होती, आणि त्यावरची पुस्तके कुणाकडे आहेत हे आजपर्यंत समजलेले नाही. वर्षअखेरीस ना-हरकत दाखला देताना दोन-तीन विद्यार्थ्यांना, मी पुस्तक परत केले आहे, असे पुन्हा पुन्हा सांगावे लागले. चूक त्यांची नव्हती, आणि ते सिद्ध करायला आमच्याकडे काही उरले नव्हते. मला सर्वांत जास्त लागले ते हे.

यासाठी काही गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. संस्था देखभालीचा जो वार्षिक करार करतात त्यात आजवर संगणक चालू ठेवणे एवढेच मोघम लिहिलेले असते. डिस्कची क्षमता बदलण्यापूर्वी बंद मशीनची पूर्ण प्रत घेतली, ती दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवली आणि स्नॅपशॉट आहेत की नाहीत ते पाहून लिहून ठेवले, या तीन बाबींवर कार्यालय प्रमुखाची सही झाल्याशिवाय काम सुरू होणार नाही, असे एक कलम त्यात घालायला कोणताही खर्च येत नाही. कामाच्या शेवटी नुसता डिस्कचा आकार न पाहता, रोज ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लिपिकाने आदल्या दिवशीची नोंद उघडून पाहावी आणि मगच पावतीवर सही करावी. आमच्या महाविद्यालयात हे आता सुरू झाले आहे, आणि प्रत्येक मशीनच्या नावाने एक पान असलेली वही ठेवली आहे. स्नॅपशॉट कधी घेतला, कशासाठी घेतला आणि कधी विलीन केला, हे त्या पानावर तारखेसह लिहिले जाते.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ यांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे की, संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकांत हे काम सक्तीने ठेवावे. विद्यार्थ्याने एक लहान इमेज तयार करावी, ती मुद्दाम भरावी, स्नॅपशॉट घ्यावा, नंतर ती तिन्ही थरांवर वाढवावी, आणि शेवटी तिच्या एका प्रतीतील स्नॅपशॉटची फाइल हाताने पुसून काय होते ते स्वतः पाहावे. हे सगळे साध्या लॅपटॉपवर, मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एका दुपारी होते. याच मुलांपैकी कुणी उद्या जिंतूरच्या, वसमतच्या किंवा अहमदपूरच्या एखाद्या कार्यालयात देखभालीसाठी जाणार आहे. त्यांना लागणारी बहुतेक माहिती इंग्रजीत आहे, आणि मराठी माध्यमातून आलेला हुशार मुलगाही आज्ञा पाठ करतो पण ती नेमके काय करते हे विचारायला बिचकतो, हा माझा वर्गातला रोजचा अनुभव आहे. आपल्या दैनिकाच्या पुरवणीत अशा कामांची मराठीतून, क्रमवार माहिती देणारे सदर सुरू झाले, तर त्यासाठी लेखन करून देण्याची आणि प्रत्येक पायरी आधी प्रयोगशाळेत करून पाहण्याची माझी आणि माझ्या विद्यार्थ्यांची तयारी आहे.

हे पत्र छापताना जागेअभावी काही गाळावे लागले, तर आयबीएमचा उल्लेख आणि लिनक्सचा परिच्छेद गाळावा. स्नॅपशॉटची फाइल हाताने पुसू नये हा भाग आणि प्रत उघडून पाहण्याचा भाग मात्र पूर्ण ठेवावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक प्राध्यापिका,
जि. परभणी